आमची वाटचाल : आम्ही फक्त डाग काढतो

न्हावाशेवा बंदर 1989 साली सुरू झालं आणि हळूहळू कळंबोलीत ट्रेलरच ट्रेलर झाले. खारी हवा, वर कोकणातला पाऊस. पांढऱ्या रीफरवर, म्हणजे थंड माल नेणाऱ्या गाडीवर, बिजागऱ्यांखालून गंजाचे तांबूस ओघळ उतरणारच. आम्ही तेवढंच काम धरलं. डेंटिंग नाही, पेंटिंग नाही. लोक हसले. सुरुवातीची वर्षं बरी गेली, ती सांगत बसत नाही.

मग समोरच्या गाळ्यात एकाने वॉशिंग टाकलं. दर आमच्या निम्मा, अर्ध्या तासात गाडी चकाचक. करायचा काय, तर संडासात ओततात ते ॲसिड सरळ पत्र्यावर, वरून तारेचा ब्रश. डाग जातो, कोण नाही म्हणतंय! पण ते ॲसिड रिव्हेटांच्या फटीत बसतं आणि थोड्याच दिवसांत गंज पुन्हा फुलतो. ॲल्युमिनियम खातं ते वेगळंच. ब्रशचे लोखंडी कण रंगात रुतून नवे ठिपके उठतात. हे मी ज्याला त्याला सांगत होतो, पण ड्रायव्हरचं चहापाणी समोर सुटत होतं. आमचं भाडं थकलं, पोरं तिकडेच कामाला गेली, बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

राहिले ते एक सरदारजी, कोळंबीच्या रीफरवाले. त्यांनी एक गाडी समोर दिली, एक आम्हाला. पावसाळा संपल्यावर दोन्ही शेजारी लावल्या आणि चार ट्रान्सपोर्टवाल्यांना बोलावून नुसत्या दाखवल्या. बोलले काहीच नाहीत. त्या दिवाळीत बांगड्या सुटल्या.

आमचं हत्यार साधं: गंज विरघळवणारी ऑक्झॅलिक पावडर, लिटरभर कोमट पाण्यात साधारण 50 ग्रॅम. सुती फडक्याच्या पट्ट्या भिजवून ओघळावर चिकटवायच्या, वाळू द्यायच्या नाहीत, मग नायलॉनचा ब्रश आणि भरपूर पाणी. काम सावलीत, हातमोजे घालून. पावडर विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नका. आणि मालकांनो, ओघळ पुसून भागत नाही. वरचा बोल्ट बघा. तो खरवडून प्राइमर मारला नाही तर पुढच्या पावसात परत आमच्याकडेच याल. आमचा धंदाच आहे तो, तरी सांगतो.

समोरच्याने आता बोर्ड बदललाय: ‘ऑक्झॅलिक वॉश, एकदम सेफ’. तारेचा ब्रश मात्र अजून तोच आहे, आमच्या गल्ल्यावरून रोज दिसतो.