मंगळावर माणूस पाठवावा का? आधी पाण्याचा आणि परतीचा हिशेब

दुसऱ्या ग्रहावर माणूस पाठवायचं म्हटलं की विषय शेवटी एकाच ग्रहाचा असतो. शुक्राच्या पृष्ठभागावर साडेचारशे अंशांहून जास्त तापमान आणि पृथ्वीच्या नव्वद पट दाब. तिथे उतरलेली सोव्हिएत यानं तास-दोन तासांत गप्प झाली. गुरू-शनीवर पाय टेकायला जमीनच नाही. उरला मंगळ. त्याच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: माणसाने जावं, संशोधनासाठी जावं, वसाहत करायला नाही. आणि आज हातात असलेल्या यंत्रांच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नये.

जावं असं का वाटतं ते आधी सांगतो. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 च्या दोन अंतराळवीरांनी चंद्रावर तीन दिवसांत गाडीने सुमारे 35 किलोमीटर अंतर कापलं. त्यातला एक, हॅरिसन श्मिट, मुळात भूवैज्ञानिक. शॉर्टी विवराच्या कडेला त्याला करड्या धुळीत नारिंगी माती दिसली, तिथेच खणून नमुना घेतला, आणि ती ज्वालामुखीच्या फवाऱ्यातून उडालेली बारीक काच निघाली. मंगळावर अपॉर्च्युनिटी रोव्हरला 45 किलोमीटर जायला चौदा वर्षं लागली. तो रोव्हर उत्तमच होता, पण प्रत्येक दगडापुढे थांबून पृथ्वीवरून हुकूम यायची वाट बघणं त्याला भागच होतं. मंगळापर्यंत संदेश पोचायला अंतरानुसार 3 ते 22 मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच.

इनसाइट यानाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये ते मंगळावर उतरलं. त्याच्यासोबत 40 सेंटिमीटर लांबीचा, आतल्या हातोडीने स्वतःला ठोकत जमिनीत शिरणारा एक खिळा होता. जर्मन अंतराळ संस्थेने तो बनवला होता. पाच मीटरपर्यंत खोल जाऊन मंगळाच्या पोटातली उष्णता मोजायची, अशी योजना. हातोडीचा प्रत्येक ठोका खिळ्याला मागेही ढकलतो, आणि तो धक्का थोपवायला आजूबाजूच्या मातीने खिळ्याला घट्ट धरावं लागतं. तिथली माती निघाली वरून कडक, खपलीसारखी. खिळ्याभोवती खड्डा पडला, पकड सुटली आणि खिळा जागच्या जागी उसळत राहिला. यानाच्या हातावरच्या खोऱ्याने त्याला बाजूने दाबलं, वरून दाबलं, खड्ड्यात माती ढकलली. जवळपास दोन वर्षं ही खटपट चालली आणि जानेवारी 2021 मध्ये नाद सोडावा लागला. खिळ्याचं डोकं तेव्हा जमिनीखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर होतं. खिळा उपसून मीटरभर बाजूला रोवणं यानाला शक्य नव्हतं, कारण त्याला पकडायची सोयच नव्हती. फावडं हातात असलेल्या माणसाचं हे अर्ध्या तासाचं काम. लोणारच्या विवरात हिंडलेल्या कुठल्याही भूवैज्ञानिकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मंगळासारख्याच बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं ते विवर आहे, आणि तिथे कुठला दगड उचलायचा हे चालता चालता ठरतं.

आता खर्चाची बाजू. पैशाआधी वेळ बघू, कारण बाकी सगळं वेळेवरून ठरतं. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी दर 26 महिन्यांनी येतात. जायला सात-नऊ महिने, परतीची वेळ जुळेपर्यंत तिथे सुमारे 500 दिवस, यायला पुन्हा तेवढेच महिने. साधारण 950 दिवस धरा. मध्येच कोणी आजारी पडलं किंवा पंप जळाला तर मागे फिरता येत नाही. अंतराळ स्थानक जेमतेम 400 किलोमीटरवर आहे, तिथे दर काही महिन्यांनी मालवाहू यान सुटे भाग घेऊन जातं आणि बिकट प्रसंगी माणसं काही तासांत जमिनीवर येतात. मंगळाच्या वाटेवर यातलं काहीच नाही.

चार माणसं धरू. माणशी दिवसाला चार लिटर पाणी म्हटलं तर 950 दिवसांत 15,200 लिटर होतात. एवढं कोणी नेणार नाही, तेच पाणी पुन्हापुन्हा शुद्ध करायचं. स्थानकावर आधी 93-94 टक्के पाणी परत मिळत होतं, 2023 मध्ये ते 98 टक्क्यांवर गेलं. चार टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण 15,200 लिटरवर तूट 900 लिटरवरून 300 वर येते.

तिथवर पोचताना काय बिघडलं ते बघण्यासारखं आहे. लघवीतून पाणी काढणारं यंत्र 2008 मध्ये स्थानकावर बसवलं. वजनरहित अवस्थेत वाफ आणि द्रव आपोआप वेगळे होत नाहीत, म्हणून कमी दाबाखालच्या फिरत्या पिंपात ऊर्ध्वपातन करतात. लघवी साठवताना सडू नये म्हणून तिच्यात गंधकाम्ल आणि क्रोमियमचं ऑक्सिडीकारक रसायन घालत. अपेक्षा 85 टक्के पाणी मिळण्याची होती. वर्षभरातच पिंप तुंबलं. आत सापडलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. अंतराळात हाडांवर भार नसतो, हाडं महिन्याला एक-दीड टक्क्याने झिजतात आणि ते कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं. आम्लातलं सल्फेट त्याला भेटलं आणि खडा धरला. पृथ्वीवरच्या चाचण्यांमध्ये लघवी जमिनीवर चालणाऱ्या माणसांची होती, त्यामुळे हे दिसलं नव्हतं. मग पाणी कमी, 70-75 टक्केच, काढायचं ठरलं, म्हणजे उरलेला द्रव फार घट्ट होणार नाही. पुढे गंधकाम्लाऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरलं, तेव्हा यंत्र पुन्हा 85 वर आलं. त्या घट्ट द्रवातलं उरलेलं पाणी काढणारं वेगळं यंत्र 2021 मध्ये वर गेलं आणि त्यामुळे एकूण आकडा 98 झाला.

हाडं झिजतात म्हणून पाण्याचं यंत्र तुंबतं, असल्या गाठी कागदावर सुटत नाहीत. म्हणून माझी पहिली अट अशी: ही सगळी यंत्रणा खऱ्या अंतराळवीरांसह तीन वर्षं चालवून दाखवा, आणि त्या काळात पृथ्वीवरून एकही वॉशर मागवू नका. जे लागेल ते पहिल्या दिवशी सामानात असलं पाहिजे.

अन्नाला पर्याय नाही. माणशी दिवसाला वेष्टनासह सुमारे 1.8 किलो, म्हणजे चौघांचं जवळपास सात टन. त्यातही तीन वर्षांत क जीवनसत्त्व आणि थायामिन (ब-1 जीवनसत्त्व) घटत जातं, ते वेगळंच.

दुसरी अट परतीच्या इंधनाची. इस्रोचं मंगळयान 450 कोटींत झालं याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा, पण त्यातली उपकरणं 15 किलोंची होती आणि त्याला परत यायचं नव्हतं. माणसांना मंगळावरून उडायला, इंधन जाळण्यासाठी, साधारण 25 टन ऑक्सिजन लागेल. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या उपकरणाने मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड 800 अंशांना तापवून, विजेने फोडून ऑक्सिजन काढला. 2021 ते 2023 मध्ये 16 वेळा चालवून एकूण 122 ग्रॅम, आणि जास्तीत जास्त वेग तासाला 12 ग्रॅम. चौदा महिन्यांत 25 टन हवे असतील तर तासाला अडीच किलो लागतात, म्हणजे दोनशे पट. शिवाय वीज अखंड हवी. 2018 च्या धुळीच्या वादळात ऊन अडलं आणि अपॉर्च्युनिटी कायमचा बंद पडला, हे लक्षात घेता निव्वळ सौर पत्र्यांवर विसंबणं धोक्याचं आहे. छोटी अणुभट्टी लागेल. परतीचं यान एक फेरी आधी, म्हणजे 26 महिने अगोदर पाठवावं. ते पोचल्यावर टाकी भरायला सव्वा-दीड वर्ष मिळतं. टाकी भरल्याचा संदेश पृथ्वीवर आल्याशिवाय माणसांचं यान हलू नये.

उतरणंही अजून सुटलेलं नाही. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. पर्सिव्हिअरन्सचं वजन एक टनाच्या आसपास, तरी त्याला साडेएकवीस मीटरचं पॅराशूट लागलं. माणसांसाठी वीस टनांच्या पुढचं ओझं उतरवायचं आहे आणि तेवढ्याला पॅराशूट पुरत नाही, ध्वनीपेक्षा जास्त वेगात इंजिनं उलटी पेटवावी लागतात.

किरणोत्साराचं गणित थोडक्यात. क्युरिऑसिटी रोव्हरने वाटेत दिवसाला 1.8 आणि जमिनीवर सुमारे 0.65 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं एकक) मोजले. पूर्ण फेरीचे एक हजाराच्या पुढे जातात आणि नासाची अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा 600 आहे. तेव्हा एकतर प्रवास लवकर व्हायला हवा, नाहीतर मर्यादा मोडतोय हे उघडपणे सांगून माणूस पाठवायला हवा.

एक आक्षेप मात्र मला या सगळ्यांपेक्षा जड वाटतो. माणूस गेला की त्याचे जंतू गेले. पोशाख गळतात, दारं उघडतात. रोव्हर भाजून, पुसून निर्जंतुक करता येतो, माणूस करता येत नाही. मंगळावर जीवसृष्टी होती का किंवा आहे का, हा तिथे जाण्यामागचा सर्वांत मोठा प्रश्न. आपण उतरल्यानंतर सापडलेला जंतू तिथला की आपला, यावर कायमचा वाद राहील. म्हणून पर्सिव्हिअरन्सने नळ्यांत भरून ठेवलेले दगड आधी पृथ्वीवर आणून तपासले पाहिजेत. त्या मोहिमेचा खर्च 8 ते 11 अब्ज डॉलरवर जाईल असं नासाने नेमलेल्या समितीने 2023 मध्ये सांगितलं आणि त्यानंतर ती रखडत गेली. माणसं पाठवण्याच्या घोषणा करणाऱ्यांनी पैसा सर्वांत आधी तिथे घालावा. पहिली माणसं जमिनीवर न उतरता फोबोस या उपग्रहाजवळ राहिली तरी पुष्कळ काम होईल. तिथून रोव्हरला हुकूम सेकंदाच्या आत पोचतो आणि जमीन आपल्या जंतूंपासून स्वच्छ राहते.