बफेलो बिलचे दोन रकाने

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या वाचनखोलीत मी दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगते. गेली आठ वर्षं सांगते आहे. मुलं साधारण चौथी ते सातवीतली. पावसाळ्यात छत्र्या दाराशी उघड्याच ठेवतात, मग उरलेलं पाणी मीच पुसते. गोष्ट संपली की एकच प्रश्न ठरलेला असतो, "काकू, हे खरं घडलंय का?" या प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यायचं नाही, हे मी माझ्यापुरतं फार गांभीर्याने घेतलेलं आहे. म्हणून मागच्या महिन्यात झालेल्या चुकीची हकिकत इथे लिहिते आहे.

गोष्ट बफेलो बिलची होती. खरं नाव विल्यम कोडी, जन्म 26 फेब्रुवारी 1846, आजच्या आयोवा राज्यात. पुढे 1883 पासून त्याने 'वाइल्ड वेस्ट' नावाचा अवाढव्य खेळ उभा केला. खरे घोडेस्वार, खरे मूळ अमेरिकन लढवय्ये, रानरेडे, डाकगाडीवरचे हल्ले असं सगळं त्यात असे. 1887 मध्ये लंडनला व्हिक्टोरिया राणीनेही तो खेळ पाहिला. जाहिरातीत ते 'शो' हा शब्द मुद्दाम टाळत. लोकांनी त्याला तमाशा समजू नये, प्रत्यक्ष इतिहास समजावा, अशी त्यांची इच्छा. माझ्यासारखीने तो तसाच समजून घेतला.

मुलांना मी पोनी एक्स्प्रेसचा प्रसंग रंगवून सांगितला. मिझुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत घोड्यावरून टपाल नेणारी ही सेवा. एक स्वार थकला की पुढच्या ठाण्यावर दुसरा तयार, आणि दहा दिवसांत पत्र पोचायचं. चौदा वर्षांचा बिल एकदा आपली मजल मारून ठाण्यावर पोचला, तर पुढचा स्वार मारला गेलेला. मग त्याचीही मजल याच पोराने मारली आणि लगेच परतही आला. एकूण 322 मैल, म्हणजे जवळजवळ 520 किलोमीटर. "पुण्याहून निघालात तर हैदराबाद जवळ आलं म्हणायचं," मी म्हटलं. मुलं गप्प झाली. सातवीतल्या एका मुलाने हळूच विचारलं, "खरंच?" आणि मी म्हटलं, "हो, त्याने स्वतः लिहून ठेवलंय."

त्याने स्वतः लिहून ठेवलंय! रात्री भांडी घासताना हेच वाक्य मला टोचायला लागलं. सिंहगडाची गोष्ट सांगताना मी किती जपून बोलते. यशवंती घोरपड पोवाड्यातली, हे मी दर वेळी मुलांना सांगते. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, तिथे दोन मर्दाने मावळे वानरासारखे कडा चढून जातात. 'सिंहगड' हे नावही 1670 च्या आधीच्या पत्रांत सापडतं, म्हणजे तानाजीच्या मृत्यूनंतर ते दिलं गेलं हेही खरं नाही. मुलांना हे ऐकून वाईट वाटत नाही, उलट कड्याकडे बघताना त्यांचे डोळे मोठे होतात. मग परक्या देशातल्या माणसाच्या बाबतीत मी एवढी ढिली का पडले?

दुसऱ्या दिवसापासून शोधायला बसले. वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिलं 'कागद' आणि दुसऱ्यावर 'बोलणं'.

पोनी एक्स्प्रेस चालली एप्रिल 1860 ते ऑक्टोबर 1861, जेमतेम दीड वर्ष. तारायंत्राची तार सलग जोडली गेली आणि सेवा बंद पडली. त्या काळात कोडी तिथे स्वार होता याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. बारकाईने अभ्यास करणाऱ्या एका इतिहासकाराने तो त्या सुमाराला कॅन्ससमध्येच असल्याचं दाखवलं आहे. मुळाशी मात्र एक खरी गोष्ट आहे. रसेल, मेजर्स आणि वॉडेल या ज्या कंपनीने पुढे ही सेवा काढली, तिच्याकडे बिल अकराव्या वर्षी निरोप्या म्हणून कामाला होता. लेव्हनवर्थ गावातल्या कचेरीपासून जवळच्या किल्ल्यापर्यंतची ती निरोप पोचवण्याची खेप, काही मैलांची. एवढ्या खेपांचे 322 मैल झाले.

आणि अकराव्या वर्षी काम का करावं लागलं? वडील आयझॅक यांनी 1854 मध्ये भर सभेत गुलामगिरी पसरवण्याविरुद्ध बोलायचं धाडस केलं, तेव्हा जमावातल्या एकाने त्यांना सुरा खुपसला. ते वाचले, पण तब्येत पुरती सावरली नाही आणि 1857 मध्ये ते गेले. मागे आई, भावंडं आणि हा पोरगा. ही माहिती वाचली तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ तशीच बसले. मुलांना सांगायची गोष्ट खरी ही होती, आणि मी तिला वळसा घालून गेले होते.

मग रेड्यांचा आकडा. 1867-68 मध्ये रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवायचं कंत्राट होतं, त्यात कोडी शिकारी. पगार महिना 500 डॉलर, रोज बारा रेडे मारायचे. आत्मचरित्रात तो अठरा महिन्यांत 4,280 रेडे मारल्याचं सांगतो. प्रत्यक्षात ते काम आठेक महिने चाललं. आठ महिने म्हणजे 240 दिवस, गुणिले बारा, 2,880. हा गुणाकार पुढच्या शनिवारी पाचवीतल्या मुलीने फळ्यावर केला. तिला मी उत्तर सांगितलं नव्हतं. खडू ठेवून ती म्हणाली, "हे तर जुळतच नाही." अठरा महिने धरले तरी बाराच्या हिशेबाने सहा हजारांच्या वर जातं, म्हणजे त्याच्या आकड्याशी दोन्ही बाजूंनी जुळत नाही. पण हजारो रेडे मेले, एवढं मात्र खरं, आणि ते बोलणं मी तिथेच थांबवलं, कारण दोन मुलांचे चेहरे उतरले होते.

आता त्या घोडदौडीकडे परत येते, कारण तिथेच मला सगळ्यात मोठा धक्का बसला. 1868 मध्ये कोडी सैन्याचा वाटाड्या होता. लढाई चालू असलेल्या कॅन्ससच्या मुलखातून, एका छावणीतून दुसऱ्या छावणीला तातडीचे निरोप न्यायचे होते. मधल्या मजलेसाठी दुसरं कोणी मिळेना, म्हणून हाच पुन्हा निघाला, आणि मग आणखी एकदा. जनरल शेरिडनने स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवलंय, कोडी साठ तासांच्या आत सुमारे 350 मैल धावला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच धाडसावर तो घोडदळाच्या पाचव्या पलटणीचा मुख्य वाटाड्या झाला.

350 मैल म्हणजे 560 किलोमीटर. पुणे-हैदराबाद, वेशीपर्यंत नव्हे, शहरात. साठ तास म्हणजे अडीच दिवस. चौदाव्या वर्षाची जी दौड त्याच्या नावावर लावली गेली, तिच्यापेक्षा ही लांब. साक्षीला शेरिडनसारखा सेनापती. हे हाताशी असताना त्याने लहानपणाची ती बनावट दौड पुढे आणली! मला राग आला, खोट्याचा कमी आणि खऱ्याची किंमत न कळल्याचा जास्त.

पुढे तो स्वतःच गुंता वाढवतो. 17 जुलै 1876, नेब्रास्कातला वॉरबॉनेट ओढा. तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकन सेनाधिकारी कस्टरची तुकडी लिटल बिगहॉर्नला मूळ अमेरिकनांशी लढताना मारली गेली होती. कोडी खऱ्या लढाईत उतरला तो रंगभूमीवरचा पोशाख घालून, काळ्या मखमलीचा, चंदेरी गुंड्यांचा. समोर शायेन जमातीचा एक तरुण लढवय्या, नाव त्यांच्या भाषेत 'पिवळे केस', पण भाषांतरात गफलत होऊन ते 'पिवळा हात' झालं आणि तसंच छापलं गेलं. गोष्टीत दोघं सेनांच्या मधोमध एकमेकांना ललकारतात. जवळून पाहणाऱ्या एका सैनिकाच्या साक्षीत ललकारी नाही, दोघं अचानक समोर आले आणि दोघांनी गोळ्या झाडल्या. कोडीने त्याची कातडीसकट शेंडी कापली, आणि त्याच वर्षाच्या नाटकात तो प्रसंग स्वतःच करून दाखवायला लागला. हा भाग मी मुलांना सांगताना शेंडीचं तेवढं थोडक्यात घेतलं, नाव मात्र दोनदा सांगितलं. त्या माणसाला निदान त्याचं नाव तरी मिळायला हवं.

कागदाचा रकानाही फार पक्का नसतो, हे पदकाने शिकवलं. 1872 मध्ये त्याला मिळालेलं मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकन सैन्याचं सर्वोच्च शौर्यपदक, 1917 मध्ये रद्द झालं, कारण नियमांनुसार तो सैनिक नव्हता, सैन्यात नोकरीला असलेला नागरिक होता. तो गेला होता 10 जानेवारीला, नाव कापलं गेलं पुढच्याच महिन्यात. 1989 मध्ये पदक परत देण्यात आलं. नोंद एकच, उत्तरं तीन, तारखेनुसार.

मागच्या शनिवारी मी मुलांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." सातवीतला तो मुलगा आनंदला, कारण त्याने विचारलं होतं. मग मी शेरिडनची दौड सांगितली, ठाण्याठाण्याने, नकाशावर दोरा धरून. सॅक्रामेंटोपर्यंतची दोरी आम्ही गुंडाळून टाकली.

शेवटी पाचवीतल्या मुलीने सिटिंग बुलच्या घोड्याचं विचारलं. 1885 च्या हंगामात लाकोटा या मूळ अमेरिकन जमातीचा हा नायक कोडीच्या खेळात होता, आठवड्याला 50 डॉलरवर. निरोप घेताना कोडीने त्याला एक घोडा दिला. डिसेंबर 1890 मध्ये सिटिंग बुलला पकडायला पोलीस आले आणि तो मारला गेला. गोष्ट अशी सांगतात, की गोळ्यांचा आवाज ऐकून तो घोडा खेळाची वेळ झाली असं समजून शिकवलेली नाचाची पावलं टाकू लागला. तिने त्याचं चित्र काढून आणलं होतं, राखाडी पेन्सिलने, पुढचे दोन पाय उचललेले.

"काकू, हा नाचला का?"

मी सांगितलं की घोडा दिला हे खरं, मरण खरं, नाचण्याची कथा मात्र कित्येक अभ्यासक मानत नाहीत. तिने वही मागितली, 'बोलणं' लिहिलेल्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'घोडा' असं लिहिलं, आणि चित्र मला देऊन टाकलं. ते आता वाचनखोलीच्या भिंतीवर, सिंहगडाच्या फोटोशेजारी लावलंय.