बाहेरच्या सॉकेटमध्ये पाणी साठतं कुठून?

घराबाहेर सॉकेट बसवताना सगळा भर पाणी आत येऊ न देण्यावर असतो. भारी बॉक्स आणायचा, चारही बाजूंनी सिलिकॉन फासायचं आणि निर्धास्त व्हायचं. दोन पावसाळ्यांनी तोच बॉक्स उघडला की तळाशी पाणी आणि हिरवी पडलेली पितळी टर्मिनलं. हे पाणी पावसाचंच असतं असं नाही. दिवसा बॉक्स तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री तो गार होतो, बाहेरची दमट हवा आत ओढतो आणि तिचं दव आतून धरतं. जायला वाट नसली की ते साठत राहतं. म्हणून पाणी अडवायचं तेवढंच ते बाहेर काढायचंही बघावं लागतं.

पण आधी डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटचे स्विच असलेली पेटी, उघडा. ज्या सर्किटवरून जोड घ्यायचा आहे, त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का? नसेल तर ती बसेपर्यंत ड्रिलला हात लावू नका. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला ओल्या जमिनीवर उभ्या माणसातून जाणारा करंट जाणवतही नाही. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते, आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत जायच्या आतच पडते, म्हणजे लाइन तोडते. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी आगीपासून बचावासाठी असतात, त्या इथे चालत नाहीत. आकडा तोंडावरच छापलेला असतो, ०.०३ अँपिअर हवा. टेस्टचं बटण दाबून बघा, पडली नाही तर बदला. ते बटण घराचं अर्थिंग तपासत नाही, एवढं लक्षात असू द्या.

डीबीपासून नवीन लाइन ओढायची असेल तर ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही तसंच आहे. स्वतः करण्याजोगं काम म्हणजे भिंतीच्या आतल्या बाजूला आधीच असलेल्या सॉकेटवरून बाहेर एक जोड काढणं. त्यातही आतली वायर बघा. २.५ चौरस मिमी तांब्याची असेल तरच बाहेर १६ अँपिअरचा सॉकेट. १.५ किंवा १ ची असेल तर ६ अँपिअरचाच लावा, नाहीतर कोणीतरी त्यावर प्रेशर वॉशर लावणारच. २००० वॅटचा वॉशर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. गीझर किंवा एसीच्या सर्किटवर जोड घेऊच नका.

बॉक्स घेताना त्यावरचा आयपी, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा, बघा; त्यातला दुसरा अंक पाण्याचा असतो. ४४ म्हणजे शिंतोडे, ५५ म्हणजे कुठूनही येणारी धार, ६६ म्हणजे जोराची धार. छपराखाली ५५ पुरतो, उघड्या भिंतीला ६६ घ्या. यातली मेख अशी की पुष्कळ बॉक्सना हा आकडा झाकण बंद असतानाच लागू असतो. पंपाचा प्लग कायम लागलेला राहणार असेल तर प्लगसकट बंद होणारं खोल झाकण हवं. जागा पागोळीच्या रेषेपासून आत, जमिनीपासून किमान दीड फूट वर आणि नळापासून हातभर तरी लांब.

मेन बंद करा. फक्त त्या सर्किटची एमसीबी पाडून भागत नाही, कारण बोर्डावरची चिठ्ठी चुकीची असू शकते आणि एकाच बॉक्समध्ये दोन सर्किटं येऊ शकतात. निऑनचा टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन मेली, असं धरू नका. मल्टिमीटर मेन बंद करण्यापूर्वी चालू सॉकेटवर लावून तो दाखवतोय ना ते बघा. मग बंद केलेल्यावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासा. शेवटी ओळखीच्या व्होल्टेजवर, निदान नव्या बॅटरीवर, मीटर पुन्हा लावून बघा. रंगांवर तर मुळीच विसंबू नका. निळी वायर एका घरात न्यूट्रल असते, दुसऱ्या घरात तीन फेजांपैकी एक.

भोक आतल्या सॉकेटच्या नेमकं मागे नको, १०-१५ सेंमी बाजूला घ्या. सॉकेटच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत लपलेल्या वायरी असतात, म्हणून भिंतीतल्या वायरी शोधणारा डिटेक्टर फिरवा. आधी ६ मिमीचं आरपार, मग २० मिमीचं. आतून बाहेर, आणि बाहेरचं तोंड खाली झुकलेलं: २३ सेंमी भिंतीला साधारण २ सेंमी उतार. हा उतार उलटा झाला की पावसाचं पाणी वायरीच्या अंगाने थेट आतल्या सॉकेटमध्ये उतरतं. दुसऱ्या बाजूला टोक येत आलं की हॅमर बंद करा, नाहीतर बाहेरचा गिलावा बशीएवढा उडतो. भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून त्यातून वायर न्या.

बॉक्स टांगताना सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना. खालची कड मोकळी सोडा. बहुतेक बॉक्सच्या तळाला पातळ पडद्याने झाकलेलं निचऱ्याचं भोक असतं. बसवल्यावर जे सगळ्यात खाली येतं तेवढंच उघडा, ५-६ मिमी. वायर मागून येत असेल तर भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, घाला. भिंतीवरून येत असेल तर ग्लँड, म्हणजे वायर घट्ट धरणारी तोंडाची नळी, खालच्या बाजूलाच, आणि ग्लँडमध्ये शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून जातील. वरून वायर घातलेला बॉक्स दिसला की समजावं, लावणाऱ्याला सुट्टीची घाई होती. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि आत स्क्रूच्या डोक्यांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवा. पाणी तिथूनही मुरतं.

टर्मिनलवर एल, एन आणि अर्थची खूण असते, ती वाचून जोडा. अर्थची पिन वर असलेल्या तीन पिनी सॉकेटमध्ये समोरून बघता फेज उजवीकडे येते. मागून जोडताना नेमकं इथेच उलटं होतं. इन्सुलेशन ८-१० मिमीच सोला. अनेक तारांची वायर असेल तर टोकाला पिन दाबून बसवा. डाग देऊन टोक जाड करू नका, स्क्रूच्या दाबाखाली डाग हळूहळू सरकतो, जोड ढिला होतो आणि तापायला लागतो. अर्थची वायर इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. केबल ओढली गेलीच तर ती शेवटी सुटावी.

मेन चालू केल्यावर मीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखं दिसायला हवं, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थला अर्धवट, हलता आकडा दिसला तर अर्थ कुठेतरी तुटलाय. रिकामा असताना टिकते आणि उपकरण लावताच आरसीसीबी पडते, असं असेल तर आधी न्यूट्रल बघा. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला किंवा न्यूट्रल अर्थला चिकटला की असंच होतं. वेगळं उपकरण लावूनही पडत असेल तर दोष उपकरणात नाही. फक्त पावसात पडत असेल तर बॉक्समध्ये ओल आहे.

ती ओल पाऊस येण्याआधी पकडता येते. मेन बंद करा, बॉक्समध्ये कोरडा टिश्यू पेपर ठेवून झाकण लावा आणि झारीने वरून आणि बाजूंनी दहा मिनिटं पाणी घाला. मग बॉक्स बाहेरून पुसून झाकण उघडा. कागदाचा वरचा कोपरा ओला असेल तर वरच्या कडेचं सिलिकॉन तुटलंय. मधोमध गोल डाग असेल तर स्क्रूची टोपी नीट बसलेली नाही. फक्त खालची कड निचऱ्याच्या भोकापाशी किंचित दमट असेल तर तसंच राहू द्या, ते भोक त्याचसाठी आहे.