तुम्ही विचारलंत म्हणून: हृदयाला ताकद देणारी गोळी

तुम्ही विचारलंत, वडिलांचे ठोके हृदयाच्या गोळीनं कमी झालेत, मग ती बंद करून ताकदीचं काही द्यावं का? असंच मला सगळीकडे विचारतात. लग्नात, पारोळ्याच्या बसमध्ये, एकदा तर भरिताच्या पंगतीत घास हातात असताना: "मॅडम, तुम्ही हृदयाच्या औषधांवर संशोधन करता ना? मग हार्टला ताकद येईल असं काही सांगा की." अर्जुनाची साल कशी, हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी डॉक्टर नाही, विद्यापीठात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवते, असं म्हणून सुटका होत नाही.

ताकदीचा मोह आमच्या शास्त्रालाही होता. उंदराचं हृदय काढून नळीला टांगायचं, महाधमनीतून ३७ अंशांचं, ऑक्सिजन सोडलेलं क्षारांचं द्रावण द्यायचं. ते धडधडत राहतं. लँगेंडॉर्फनं ही रीत १८९५ मध्ये बसवली. त्यात जोर वाढवणारं औषध सोडलं की आलेख डोळ्यांदेखत चढतो. पीएच.डी. करताना मला तो आलेख फार आवडायचा. तो खोटा नव्हता, हे आजही भांडून सांगेन. पण दमलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावलं जोरात चालतो, एवढंच. मिलरिनोन हृदयाचा जोर वाढवतं; १९९१ च्या चाचणीत त्याच्या गोळीनं हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही अशा, रुग्णांचे मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. १९९९ मध्ये उलट, ठोके मंद करणाऱ्या मेटोप्रोलोलनं ते ३४ टक्क्यांनी घटले. हे दोन्ही आकडे मला पाठ होते, तरी आलेख चढला की आनंद व्हायचाच.

आणि मामा. अटॅकनंतर त्यांचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं, मेटोप्रोलोल सुरू होती. ते मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायचे आणि चिडायचे. "माय, हाई गोळी तं ठोका कमी करस." ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं: शरीर ॲड्रेनलिन सोडून हृदयाला सतत पळवतं, त्यात ते आणखी झिजतं, ही गोळी त्याला त्या माऱ्यापासून वाचवते. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, मग ताकदीची गोळी कोणती? पुढे पाय सुजले, आडवं पडलं की दम लागायला लागला, रात्री बसून काढायचे. धुळ्याला नेलं तेव्हा मामीला गोठ्याच्या कोनाड्यात न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. आखाजीच्या आधी मामा गेले.

मामी अजून विचारते, गोळी खाल्ली असती तर? ३४ टक्के हा हजारो माणसांचा हिशोब. एकट्या मामांचं त्यातून निघत नाही. गोळी घेऊनही लोक जातात. हे मी स्वतःला सोडवायला म्हणते का? असेलही. तरी उत्तर तेच आहे. मामीला ते पटत नाही, आणि मलाही दर वेळी पटतंच असं नाही.

तर तुमच्या वडिलांची गोळी: ठोके कमी झालेत म्हणून परस्पर बंद करू नका, अशी औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं. फारच थकवा येत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सांगा, ते डोस बघतील. आणि अर्जुनाच्या सालीनं उंदराच्या हृदयाचा जोर वाढला, तरी माणूस जास्त जगतो हे त्यावरून ठरत नाही. हो, सातपुड्यातली असली तरी.