कोरी पट्टी

निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला की माझ्या ओपीडीत बाकं कमी पडतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा एकदा खाली घसरला, की मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटतात. मग धूर आणि थंडी दोन्ही एकाच वेळी नाकात शिरतात. जानेवारीतल्या त्या मंगळवारी साडेदहालाच पंचवीस केसपेपर लागले होते. नववा त्यांचा होता.

ते आत आले आणि बसलेच नाहीत. "मॅडम, तुमच्या स्प्रेनं बरं व्हायचं सोडून वाढलंच की. आधी नुसतं चोंदायचं. आता शिंका सुरू झाल्या की वीस-वीस."

"बावीस," मागून त्यांची बायको म्हणाली. "काल मी मोजल्या."

मी फाइल उघडली. ऑक्टोबरात गोडी छाटणी उरकून ते पहिल्यांदा आले होते. वय ४८, निफाड तालुक्यात साडेचार एकर थॉमसन. नाक वर्षभर बंद, रात्री तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा. गावात सगळ्यांनी निदान करून टाकलेलं होतं: फवारणीची ॲलर्जी. ब्लोअर सुरू झाला, गंधक उडवलं, की यांचं नाक गच्च. शेकोटीच्या धुराने गच्च, पहाटेच्या गारठ्याने गच्च, मिरचीच्या फोडणीनेसुद्धा गच्च.

आमच्याकडे 'ॲलर्जी' हा शब्द पेशंट सोबतच घेऊन येतात, जसे 'मला सायनस आहे' म्हणत येतात. पण धूर, थंड हवा, उग्र वास यांनी नाक बिघडतं तेव्हा ती बहुधा ॲलर्जी नसते. ॲलर्जीत शरीराने एखाद्या ठरावीक वस्तूविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलेली असतात. ती वस्तू नाकात गेली की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन सुटतं आणि शिंका, पाणी, खाज सुरू होते. धुराला असलं काही लागत नाही. तो नाकाच्या नसांना नुसता डिवचतो आणि अस्तर सुजतं. याला आम्ही व्हॅसोमोटर म्हणतो, आणि त्यावरची औषधयोजना काही बाबतींत वेगळी असते. म्हणून दोन्हींतला फरक काढावा लागतो.

माझा पहिला प्रश्न नेहमी खाजेचा असतो. नाक खाजतं का, डोळे खाजतात का, टाळूला आतून खाजतं का? लहान मुलं तर तळहाताने नाक वर घासून घासून नाकावर आडवी घडी पाडून घेतात. खाज आणि लागोपाठ शिंका असतील तर माझा कल ॲलर्जीकडे जातो. यांनी तेव्हा ठाम सांगितलं होतं, "खाज नाही बा." शिंका? "एखाददुसरी." पाणी एकाच नाकपुडीतून येतं का, हेही मी विचारलं होतं. ते सगळ्यांनाच विचारते. खाली वाकल्यावर एकाच बाजूने पाण्यासारखं टपटपतं आणि चवीला खारट लागतं, असं कोणी सांगितलं तर ते सर्दीचं पाणी नसून मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. यांचं तसं काही नव्हतं.

मग नाकात दुर्बीण घातली होती. ॲलर्जीच्या नाकात टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या फुगीर घड्या, बऱ्याचदा फिकट, निळसर, ओल्या स्पंजासारखे दिसतात. यांचे लालभडक होते. तरीही मी स्किन प्रिक टेस्ट करून घेतली होती. सगळ्या ॲलर्जनना, म्हणजे ॲलर्जी उठवणाऱ्या वस्तूंना, शून्य. तीन धागे एकाच दिशेने जात होते: खाज नाही, रंग लाल, टेस्ट निगेटिव्ह. रक्तातली आयजीई तपासायला पाठवावी असं मनात आलं होतं, पण छाटणीला हात रिकामे झालेल्या माणसाला आणखी खर्चात कशाला घालायचं, असं म्हणून सोडलं. 'नॉन-ॲलर्जिक' लिहिलं, स्टिरॉइडचा स्प्रे दिला, धूर-धूळ टाळायला सांगितलं. केस छान जुळली म्हणून मनातल्या मनात खूशही झाले होते.

"स्प्रे किती दिवस मारला?"

"चार दिवस. फरकच नव्हता मग ठेवून दिला. डिसेंबरात परत चार दिवस मारला, तर हे शिंकांचं सुरू झालं. वर रक्तही आलं एकदा."

रक्ताचं कारण लगेच कळलं. स्प्रे त्यांनी माझ्यासमोर धरून दाखवला तो सरळ मधल्या पडद्यावर. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, नोक बाहेर डोळ्याच्या कोपऱ्याकडे, हे शिकवायला दोन मिनिटं लागतात आणि ऑक्टोबरात मी ती दिली नव्हती. स्टिरॉइडच्या स्प्रेचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, हेही बहुतेक घाईतच सांगितलं असणार. पण स्प्रेने शिंका वाढतील, आणि त्याही बावीस, हे पटेना.

आम्ही बोलत असताना त्यांनी शर्टाच्या खिशातून एक इवलीशी बाटली काढली, मान मागे टाकली, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडले आणि बाटली परत खिशात ठेवली. घड्याळात बघावं इतक्या सहज.

"हे काय?"

"हे? काही नाही, थेंब आहेत. मेडिकलमधले."

"कधीपासून?"

त्यांनी बायकोकडे बघितलं. "मागच्या पोळ्यापासून," त्या म्हणाल्या. "त्याच्याही मागच्या."

झायलोमेटाझोलिन. हे थेंब नाक उघडतात ते अस्तरातल्या रक्तवाहिन्या आवळून. असर ओसरला की वाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, म्हणून माणूस पुन्हा थेंब सोडतो. पाच ते सात दिवसांच्या पुढे हे वापरायचे नसतात. यांचे सोळा-सतरा महिने झाले होते. टर्बिनेट लालभडक का होते ते आता कळलं. ऑक्टोबरात मी 'काही औषधं चालू आहेत का' असं विचारलं होतं आणि ते 'नाही' म्हणाले होते. खोटं नव्हतं ते. थेंब म्हणजे औषध, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं, आणि बाटली तेव्हा पिकअपच्या डॅशबोर्डवर होती.

तीनातला एक धागा तुटला. मग मी बाईंना म्हटलं, घरात यांची जेवढी म्हणून औषधं असतील, संपलेलीसुद्धा, ती सगळी बघायची आहेत. त्यांनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर उलटीच केली. "मला वाटलंच होतं तुम्ही विचाराल." ॲसिडिटीच्या गोळ्या, कॅल्शियम, मलमाची पिळून संपवलेली ट्यूब आणि तळाशी एक रिकामी स्ट्रिप. ॲमिट्रिप्टिलिन, २५ मिलिग्रॅम.

"ही कशाची?"

"कंबरेची. ट्रॅक्टरवर बसून बसून यांची नस दबली होती ना. वर्षभर रात्री एक गोळी घेत होते. बरं वाटायला लागलं तशी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून डिसेंबरात बंद केली."

डिसेंबरात.

ॲमिट्रिप्टिलिन मुळात नैराश्यावरचं औषध. कमी मात्रेत नसांच्या दुखण्यासाठी सर्रास देतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ही गोळी हिस्टामिनलाही अडवते, आणि चांगलीच अडवते. सर्दीच्या कुठल्याही गोळीला लाजवेल इतकी. टेस्टच्या आधी सात दिवस सर्दी-खाजेच्या गोळ्या बंद ठेवा, असं आम्ही सांगतो. त्यांनी ते तंतोतंत पाळलं होतं. कंबरेची गोळी सर्दीच्या यादीत कोण धरणार?

मी फाइलमधलं ऑक्टोबरचं टेस्टचं पान काढलं. आमची पद्धत अशी: हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेशी एका ॲलर्जनचा थेंब, थेंबातून बारीक टोच. पंधरा-वीस मिनिटांनी ज्या गांधी उठतील त्यांच्या कडेने पेन फिरवायचं, त्यावर चिकटपट्टी दाबून शाईचा ठसा उचलायचा आणि तो फाइलमध्ये चिकटवायचा. यात दोन थेंब ॲलर्जीचे नसतातच. एक सलाइनचा, तिथे काही उठायला नको. दुसरा हिस्टामिनचा, तिथे प्रत्येक माणसाला गांध उठलीच पाहिजे. ती उठली नाही तर कातडीच उत्तर देत नाहीये आणि बाकीच्या शून्यांना कवडीची किंमत नाही.

पानावर चिकटवलेली पट्टी कोरी होती. तिच्यावर एकही वर्तुळ नव्हतं. शेवटच्या ओळीत सिस्टरच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: हिस्टामिन – ०. आणि खाली माझी सही.

मी बराच वेळ ते पान बघत राहिले असणार, कारण त्यांनी पहिल्यांदाच खुर्ची ओढली आणि बसले. "काय झालं मॅडम?"

"चूक झाली," मी म्हटलं. "स्प्रेची नाही, माझी. तेव्हाची टेस्ट धरायची नाही. आज परत करू, पैसे नाहीत त्याचे." ते बायकोकडे बघून हसले, म्हणजे बहुतेक 'बघ, मी म्हणत नव्हतो' असं.

टेस्टआधी सगळं पुन्हा विचारलं. दम्याचा त्रास? नाही. तरी छाती तपासली, फुंकायला लावून पीक फ्लो बघितला, कारण नाकाची ॲलर्जी आणि दमा एकाच वाटेवरचे शेजारी आहेत. बीपीची गोळी? नाही. बीटा ब्लॉकर चालू असेल तर अचानक रिॲक्शन आल्यावर ॲड्रिनॅलिन नीट लागू पडत नाही, म्हणून हा प्रश्न. खोकल्याचं औषध, झोपेची गोळी, खाजेची गोळी, गावठी काही? नाही, नाही, नाही. थेंब आणि स्प्रे टेस्टच्या आड येत नाहीत. सिस्टरने ॲड्रिनॅलिनचा ट्रे शेजारी ठेवला आणि टोचायला घेतलं.

मी मधे दोन पेशंट बघितले. सहाव्या-सातव्या मिनिटाला पडद्यापलीकडून आवाज आला, "मॅडम, खाजतंय ओ!"

खाज शब्द या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

"खाजवू नका, हात तसाच ठेवा," सिस्टर म्हणाली. पंधराव्या मिनिटाला मी गेले. सलाइनच्या जागी नुसता टोचल्याचा ठिपका. हिस्टामिनला ६ मिलिमीटरची गांध, भोवती लाली. धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्याला ९, कडा वेड्यावाकड्या, डासाच्या मोठ्या चाव्यासारखी. गाजरगवताला ५, झुरळाला ४. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर आम्ही पॉझिटिव्ह धरतो.

पण गांध उठली म्हणजे तोच आजार, असंही नसतं. हकिगतीशी जुळावं लागतं. शिंका कधी येतात ते आता नीट विचारलं. पहाटे पाचला, गोधडीत असतानाच. गोधडी कुठली? थंडी पडल्यावर ट्रंकेतून काढलेली, आईच्या हातची, सात थरांची, पावसाळाभर बंद. माइटला दमट हवा आणि माणसाच्या कातडीचा कोंडा लागतो. त्या गोधडीत दोन्ही भरपूर. गाजरगवताचंही जुळलं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज बांधाबांधावर आहे, आणि पावसानंतर ते फुलात असताना हे स्वतः उपटतात. झुरळाचं मात्र कशाशीच जुळेना, तो आकडा फाइलमध्येच राहू दिला.

"मग फवारणीचं काय?" त्यांनी विचारलं. गंधक, धूर, गारठा यांचा त्रास खराच होता, फक्त तो ॲलर्जीचा नव्हता. आधीच सुजलेल्या नाकाला कशानेही मिरच्या झोंबतात. दोन्ही प्रकार एकाच नाकात असणारे पेशंट काही कमी नसतात, मीच त्यांना एका खणात बसवायला निघाले होते.

थेंब सोडवणं सगळ्यांत अवघड. एका दिवसात नाही, एकेक नाकपुडी करत. आधी उजवी बंद, डावी चालू, आणि दोन्हीकडे स्प्रे, या वेळी नोक बाहेरच्या बाजूला. सोबत झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी. गोधडीची खोळ दर आठवड्याला गरम पाण्यातून काढायची. गवत उपटताना मास्क. एवढ्यानेही भागलं नाही तर माइटची इम्युनोथेरपी, म्हणजे तीच वस्तू थोडी थोडी देऊन शरीराला तिची सवय लावणं, पण ती निदान तीन वर्षांची गोष्ट, तिचं पुढच्या वेळी बोलू म्हटलं.

"गोधडी टाकायची नाही ना?" बाईंनी दारातून मागे वळून विचारलं.

"नाही हो. खोळ घाला फक्त."

दुपारी जेवण झालंच नाही. पाचला ओपीडी संपली तेव्हा मी सिस्टरला ऑगस्टपासूनच्या टेस्टच्या सगळ्या फाइली काढायला सांगितल्या. ती काही बोलली नाही, कारण शून्य तिने लिहिला होता आणि सही माझी होती. दोघी जमिनीवर बसून पानं उलटत होतो, फक्त शेवटची ओळ बघत. आमच्या छापील फॉर्ममध्ये हिस्टामिन सगळ्यांत खाली होतं. दुसऱ्या दिवशी तो फॉर्म बदलून हिस्टामिन सगळ्यांत वर घेतलं, पण ते दुसऱ्या दिवशी.

आणखी दोन कोऱ्या पट्ट्या निघाल्या. एक कॉलेज रोडवरच्या मुलीची, एक सिन्नरच्या शिक्षिकाबाईंची. सिन्नरला मी स्वतःच फोन लावला आणि टेस्ट पुन्हा करावी लागेल म्हणाले.

"अहो पण मॅडम," त्या म्हणाल्या, "माझा रिपोर्ट तर चांगला आला होता ना? सगळं निगेटिव्ह."

"तेच सांगायला फोन केलाय," मी म्हटलं. "झोपेसाठी वगैरे काही गोळी घेता का तुम्ही?"