कपाटातलं व्हायोलिन

शाळेच्या समारंभाचं बोलावणं आलं आणि एक व्हायोलिन आठवलं. आपल्या संगीताच्या वर्गात तबल्याच्या गवसण्यांमागे ते पडून असायचं. तारांखालची घोडी कललेली, गजाचे निम्मे केस गळालेले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांमधून मुलाला तबला नाहीतर पेटी शिकवत. व्हायोलिन म्हणजे सिनेमावाल्यांचं, असं आमच्या आजीचं ठाम मत.

संगीताच्या सरांनी ते मला सातवीत दिलं. सर स्वतः पेटीवाले, आणि रेडिओवर पेटीला १९४० पासून बंदी. ती उठली १९७१ साली. तोवर माझी शाळा संपली होती. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही हे सरांनाही मान्य होतं, पण ते दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्यांना चालत नसे.

मांडी घालून बसायचं, वाद्याचं एक टोक छातीशी, दुसरं उजव्या पावलावर. उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की लाकूड आकसून खुंट्या घसरायच्या, पावसाळ्यात फुगून अडकायच्या. घसरत्या खुंटीला खडूची पूड लावतात. खडूला शाळेत काय तोटा!

सुरुवातीला राग नाहीच, फक्त शाळेची प्रार्थना. आधी गायची, मग वाजवायची. शब्दाच्या मध्येच गज उलटला की सर, एरवी शुद्ध मराठी बोलणारे, हिंदीत ओरडत, "बजा मत, गा!"

गळ्यातून गावं तसं वाजवायचं, याला गायकी अंग म्हणतात हे फार पुढे कळलं. गजाननराव जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. त्यांचे वडील अंतूबुवा हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्य. व्हायोलिनवादक एन. राजम यांचे गुरू गायक ओंकारनाथ ठाकूर, ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि पलुस्कर पुन्हा बाळकृष्णबुवांचेच. कुठूनही निघा, वाट ग्वाल्हेर गायकीलाच येऊन मिळते. व्हायोलिनवादक वि. गो. जोगांच्या लयकारीने, लयीशी चाललेल्या खेळाने, मी आजही थक्क होतो, पण ओढा मात्र गाण्याकडेच राहिला.

पुढची चाळीस वर्षं बहुतेक साथीत गेली, एकल कार्यक्रम मोजकेच. पहिल्याच मैफलीत बारीक तार तुटली. उरलेल्या तीन तारांवर भैरवीपर्यंत कसा पोचलो, देव जाणे.

आता एक कबुली. अकरावीच्या सुट्टीत "दोन दिवस" म्हणून घरी नेलेलं ते व्हायोलिन अजून माझ्याकडेच आहे. गजाला नवे केस बसवलेत, तारा बदलल्यात, घोडी मात्र जुनीच. समारंभाला येताना घेऊन येतो. संगीताच्या वर्गाची किल्ली हल्ली कुणाकडे असते, तेवढं कळवावं.