‘ओ’च्या सात संध्याकाळी

डिसेंबर लागला की दुकानांच्या स्पीकरवर नाताळची गाणी सुरू होतात. वाजोत बापडी. चर्चच्या पंचांगात मात्र तेव्हा नाताळ नसतोच, आगमनकाळ असतो. चार रविवार वाट बघण्याचे. मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत बंद, ऑर्गनचाही हात आखडता. कॉयरमधल्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातल्या, उत्साही मंडळींना हा उपास वाटतो. जाणत्यांचा खरा हंगाम हाच.

त्यातही १७ ते २३ डिसेंबर. या सात संध्याकाळी सायंप्रार्थनेत मरीयेच्या स्तोत्राआधी, आणि पुन्हा नंतर, त्या दिवसाचं लॅटिन अँटिफन, म्हणजे स्तोत्राला जोडून गायची छोटी रचना, गातात. निदान आठव्या शतकापासूनची ही रीत. प्रत्येकाची सुरुवात ‘ओ’ अशी हाक मारून. देवाला रोज नवं नाव, मागणं मात्र रोज एकच : ‘वेनी’, ये. चौथ्या दिवशी तो दावीदाची किल्ली असतो. जुन्या मठांत हा ‘ओ’ उचलायचा मान कोठार सांभाळणाऱ्याचा, आणि मग त्याने सगळ्यांना खाऊ द्यायचा! २१ तारखेला, युरोपातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमाराला, देवाला ‘ओरिएन्स’ म्हणतात, उगवता. हे ज्याने जुळवलं त्याला गाण्याइतकंच आभाळही कळत असणार.

चाल सातही दिवस जवळजवळ तीच, ग्रेगोरियन चँटच्या, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाच्या, दुसऱ्या मोडमधली, म्हणजे स्वरचौकटीतली. आपल्या कानाला काफी थाटाच्या शेजारची वाटते. आधारस्वराच्या खालीही बरीच उतरते, त्यामुळे उंच गळ्यांना मिरवायला जागा नाही. पहिल्या ‘ओ’वरच निम्मं काम असतं. ओठ गोल, जबडा सैल, श्वास आधी आणि आवाज अलगद त्यावर. मराठी तोंडातून त्याचा हटकून ‘वो’ होतो. ओठ अगोदरच गोल करून ठेवले की टळतो. ओळी लांब, म्हणून शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, आणि घेतलाच तर स्वराच्या मधेच, हळूच बाहेर पडून हळूच परत यायचं.

साथ नसली की सूर उतरतो. दोष लोक उंच स्वरांना देतात, पण तो बहुधा उतरतो स्तोत्रात, एकाच स्वरावर अनेक अक्षरं म्हणताना. पाच-सहा ओळींत अर्धा स्वर सहज जातो. तोच स्वर प्रत्येक अक्षराला किंचित वर ठेवतोय असं मनात धरलं तर जेमतेम जागेवर राहतो.

ओळीच्या मध्यावर छापलेली छोटी चांदणी असते. तिथे थांबायचं. दगडी चर्चमध्ये घुमारा विरेपर्यंत, गालिचेवाल्या चर्चमध्ये एका सावकाश श्वासाइतकं. हाताची खूण नाही. एकमेकांचा श्वास ऐकून सगळ्यांनी एकदम पुढचं उचलायचं. स्तोत्राच्या दहा ओळी आणि त्रैक्याच्या स्तुतीच्या दोन, म्हणजे बारा वेळा. देवाची गाठ पडलीच तर याच फटीत पडेल असं गाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं, मलाही.

तेवढ्यात एखादा टेनर, म्हणजे उंच पुरुषी गळ्याचा गायक, घाईने आत शिरतो. त्याला कोण काय करणार!